एपिडॉरसला थिएटर शेवटी बघा

ग्रीसच्या सहलीत एपिडॉरसच्या वाट्याला बहुधा तासभर येतो. बस थांबते, मंडळी पाइनच्या सावलीतून चढून थेट थिएटरवर पोहोचतात, गाइड वर्तुळाच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवतो, नाणे टाकून दाखवतो, वरच्या ओळीतले लोक ऐकू आल्याची खूण म्हणून हात हलवतात, फोटो होतात आणि बस मायसीनीच्या दिशेने सुटते. तिकीट मात्र सगळ्या परिसराचे काढलेले असते. त्याचा बराच मोठा भाग न बघता माणसे परततात आणि जे बघितले तेही अर्धेच कळते. कारण हे थिएटर कुठल्या नगराच्या मधोमध बांधलेले नाही. ते असक्लेपिअस या वैद्यदेवाच्या क्षेत्रातले आहे. इथे येणारा माणूस आधी रोगी होता आणि मग प्रेक्षक. म्हणून माझा आग्रह असा, की थिएटर शेवटी बघा.

आधी पोहोचण्याचे बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पेलोपोनीजच्या अर्गोलिस भागात एपिडॉरस नावाची एक नव्हे, तीन ठिकाणे आहेत. समुद्रकाठचे जुने एपिडॉरस (पालेया एपिडाव्रोस) हे बंदराचे गाव. तिथून थोडे उत्तरेला नवे एपिडॉरस, जिथे १८२१ च्या डिसेंबरात स्वातंत्र्ययुद्धातली पहिली राष्ट्रीय सभा भरली. आणि आपल्याला हवे ते देवस्थान बंदरापासून बरेच आत, लिगुरिओ या गावाजवळ. नकाशात नुसते 'एपिडॉरस' टाकून हॉटेल घेतले तर समुद्र मिळेल, थिएटर मिळणार नाही. बसच्या पाटीवर आणि नकाशात 'अस्क्लिपिओ' किंवा 'प्राचीन थिएटर' हे शब्द शोधा. जुन्या एपिडॉरसमध्येही एक छोटे प्राचीन थिएटर आहे, उन्हाळ्यात तिथेही कार्यक्रम होतात. तेव्हा प्रयोगाचे तिकीट काढताना ते मोठ्या थिएटरचे आहे की छोट्याचे, हे दोनदा वाचा.

अथेन्सहून गाडीने कॉरिन्थच्या कालव्यावरून सव्वादोन-अडीच तास लागतात. केटेल कंपनीच्या बसगाड्या अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून सुटतात, पण त्या मोजक्याच. रविवारी आणखी कमी. परतीची शेवटची बस कितीची, हे उतरतानाच चालकाला विचारून ठेवा. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे, पण मी म्हणेन की नाफ्प्लिओला मुक्काम करा. तिथून देवस्थान पाऊण तासाच्या आत आहे आणि गाव सुंदर आहे. नाफ्प्लिओहून येताना अर्कादिको गावापाशी रस्त्याच्या कडेला एक पूल दिसतो. ओबडधोबड मोठमोठे दगड, मधे निमुळती कमान. हा कांस्ययुगातला पूल आहे, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे थिएटरपेक्षा जवळजवळ हजार वर्षांनी जुना. पाटी लहान आहे, गाडी हळू ठेवा.

महिना कोणता? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये नाटक बघायचे असेल तरच या. आपण उन्हाला सरावलेले आहोत या भरवशावर राहू नका. इथले ऊन कोरडे असते, घाम जाणवत नाही आणि अंगातले पाणी मात्र कमी होत जाते. उष्णतेची लाट आली तर सरकार पुरातत्त्वस्थळे दुपारी बंद ठेवते, म्हणून आदल्या रात्री वेळा पाहून घ्या. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, त्यांचा ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी स्थळ बंद असते. ग्रीक ईस्टरची तारीख पुष्कळदा आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरशी जुळत नाही, ते वेगळे तपासावे लागते.

आता आत शिरू. दार उघडतानाच पोहोचलात तर थिएटर रिकामे सापडेल. त्या लोभाला बळी पडायचेच असेल तर पाच मिनिटे डोकावून या, आणि मग सरळ संग्रहालयात जा. ते छोटे आहे, जुन्या धाटणीचे आहे, पण इथल्या सगळ्या दगडांची किल्ली त्याच्या पहिल्या खोलीत आहे. तिथे अक्षरांनी गच्च भरलेल्या शिळा उभ्या आहेत. काहींवर बांधकामाचा जमाखर्च आहे: कोणत्या ठेकेदाराला किती दिले, कोणी काम रखडवले म्हणून किती दंड झाला. असक्लेपिअसच्या देवळाचा वास्तुकार थिओडोटस याचे मानधन दिवसाला साधारण एक ड्राक्मा पडत होते, हे आपल्याला अशाच हिशेबामुळे कळते. म्हणजे कारागिराच्या रोजाएवढेच!

दुसऱ्या प्रकारच्या शिळांवर आजार बरे झाल्याच्या कथा आहेत, साधारण सत्तर. त्या रोग्याच्या नावागावासकट लिहिल्या आहेत. अथेन्सची अँब्रोशिया एका डोळ्याने आंधळी होती. देवळात फिरताना शिळांवरच्या कथा वाचून ती हसली: नुसते स्वप्न पाहून लंगडे चालायला लागतात आणि आंधळे बघायला लागतात, हे शक्य तरी आहे का? रात्री ती झोपली तेव्हा देवाने दृष्टांत दिला, की तुला बरी करतो, पण तुझ्या मूर्खपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचे डुक्कर वाहा. डोळ्यात औषध ओतले आणि सकाळी ती डोळस होऊन बाहेर पडली. युफानिस नावाच्या मुलाला मुतखडा होता. स्वप्नात देवाने विचारले, तुला बरे केले तर काय देशील? मुलगा म्हणाला, दहा सोंगट्या. देव हसला आणि म्हणाला, झाले तुझे काम. क्लिओ नावाची बाई तर पाच वर्षे गरोदर होती! ती प्रसूत झाली आणि जन्मलेले पोर स्वतः झऱ्यावर अंघोळ करून आईबरोबर चालू लागले. या कथा पुजाऱ्यांनी कोरून घेतल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडतील अशा उभ्या केल्या. जाहिरात म्हणा, धीर म्हणा. रात्री झोपण्याआधी रोगी हेच वाचत असे, किंवा वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून ऐकत असे. उपचाराचा अर्धा भाग इथेच होऊन जात असणार, असे मला वाटते.

बरे झालेले लोक दुखऱ्या अवयवाच्या प्रतिकृती असक्लेपिअसला वाहत. वांद्र्याच्या मतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात तीच ही रीत. मातीचे हात, पाय, कान, स्तन असे मोठे भांडार बघायचे असेल तर ते कॉरिन्थच्या संग्रहालयात आहे. येता-जाता वाटेवरच पडते.

संग्रहालयातून निघण्याआधी एका स्तंभशीर्षापाशी थांबा. थोलॉस नावाच्या गोल इमारतीसाठी घडवलेले हे कॉरिन्थियन शीर्ष आहे. अकँथसची पाने इतकी पातळ काढली आहेत की त्यांच्या मागून बोट जाईल. ते इमारतीवर कधी चढलेच नाही. जमिनीत पुरलेले, जवळपास अखंड सापडले. इतर कारागिरांनी हुबेहूब तसे घडवावे म्हणून केलेला तो नमुना असावा, असे मानतात.

संग्रहालयाच्या पलीकडे क्षेत्राचे मैदान सुरू होते. इथे लोकांची निराशा होते. गुडघाभर पाये, विखुरलेले दगड, अधूनमधून उभे केलेले खांब. नकाशाची पाटी वाचून अर्ध्या वाटेवरून परत फिरणारेच जास्त. तुम्ही तसे करू नका. सरळ उत्तरेच्या टोकापर्यंत, जुन्या महाद्वारापर्यंत चालत जा आणि तिथून उलटे वळा. बंदरावर उतरलेला प्राचीन यात्रेकरू याच बाजूने आत येत असे. त्याच्या पावलांच्या क्रमाने पाहिले की पसरलेल्या पायांचा अर्थ आपोआप लागत जातो.

महाद्वारातून आत आल्यावर असक्लेपिअसचे देऊळ. आज पाया तेवढा उरला आहे. आत पारोसच्या थ्रासिमिडीस या शिल्पकाराने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती. देव बसलेला, एका हातात काठी, दुसरा हात सापाच्या फण्यावर, शेजारी कुत्रा. काठीला विळखा घातलेला एकच साप हे या देवाचे चिन्ह. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हावर आहे तो हाच.

देवळाशेजारी लांबट ओसरी दिसेल, काही खांब नव्याने उभे केलेली. हे अबाटॉन, म्हणजे झोपण्याची जागा. स्नान, नैवेद्य, बळी असे सगळे सोपस्कार उरकल्यावर रोगी रात्री इथे जमिनीवर झोपत आणि देव स्वप्नात येण्याची वाट पाहत. क्षेत्रातले साप बिनविषारी होते आणि मोकळे फिरत. कधी साप किंवा कुत्रा जखम चाटून बरी करी, अशाही नोंदी शिळांवर आहेत. पुढच्या काळात इथे प्रत्यक्ष वैद्यकीही चालली. संग्रहालयातली शस्त्रक्रियेची हत्यारे त्याची साक्ष देतात. क्षेत्राच्या हद्दीत कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये असा नियम होता. त्यामुळे मरणाच्या दारातल्या रोग्यांचे आणि बाळंतिणींचे हाल होत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटरने अखेर हद्दीबाहेर त्यांच्यासाठी घर बांधून दिले.

अबाटॉनजवळच थोलॉस आहे, आणि खाली बघण्यासारखे काही असेल तर ते इथे. बाहेर २६ डोरिक खांब, आत १४ कॉरिन्थियन खांब, आणि फरशीखाली एकात एक अशा गोल भिंती, दारे आणि आडभिंती घालून केलेला भुलभुलय्या. तो कशासाठी, यावर विद्वानांचे एकमत नाही. साप ठेवायला म्हणा, असक्लेपिअसची समाधी म्हणा, गुप्त विधींसाठी म्हणा, ज्याला जे पटेल ते त्याने धरावे. इमारतीचा काही भाग पुन्हा उभा केला आहे, त्यामुळे मूळ उंचीचा अंदाज येतो.

पुढे धावण्याची शर्यत होत असे ते क्रीडांगण, लांबी १८१ मीटर, दोन्ही टोकांना दगडी रेषा अजून आहेत. दर चार वर्षांनी असक्लेपिअसचा उत्सव भरे आणि त्यात खेळांबरोबर काव्यगायनाच्याही स्पर्धा होत. प्लेटोच्या 'आयॉन' या संवादातला गायक नुकताच एपिडॉरसहून पहिले बक्षीस घेऊन आलेला असतो. हे थिएटर उभे राहण्याच्या आधीचे आहे. म्हणजे इथे गाणी आणि काव्य आधीपासून होते, दगडी पायऱ्या नंतर आल्या. मेजवानीची मोठी इमारत आणि १६० खोल्यांचे भक्तनिवास झटपट पाहून घ्या. पायेच आहेत, पण खोल्यांची संख्या ऐकली की गर्दीचा अंदाज येतो.

या सगळ्यानंतर थिएटर.

पावसानिअस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी. त्याने लिहिले आहे, की रोमन थिएटरे दिमाखात याच्या वरचढ आणि मेगालोपोलिसचे आकाराने मोठे, पण प्रमाणबद्धतेत आणि सौंदर्यात याची बरोबरी कोणी करू शकत नाही. थिएटर आणि थोलॉस या दोन्हींचा निर्माता त्याने पॉलिक्लायटस सांगितला. काळ आहे इ.स.पू. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. किनॉर्टिओन टेकडीच्या उतारावर खाली ३४ ओळी, वर २१, मिळून ५५. मावतात साधारण १२ ते १४ हजार माणसे. वरचा भाग नंतर जोडला, असे बहुतेक पुस्तकांत वाचाल. खाली १३ जिने आहेत, वर २३. वर चढताना जिने दुपटीने दाट होतात, त्यामुळे वरच्या लांब ओळीतही कोणाला फार आडवे जावे लागत नाही.

खालच्या वर्तुळात सरळ मधोमध जाऊ नका. आधी कडेने फिरा. प्रेक्षागाराची वक्ररेषा एका केंद्रातून काढलेली नाही. मधले विभाग एका केंद्रावर आहेत आणि दोन्ही कडांचे विभाग किंचित मोठ्या त्रिज्येने उघडत गेले आहेत, त्यामुळे कडेला बसलेल्याचीही मान फार वळत नाही. मग एखाद्या ओळीत बसा आणि पाय मागे घ्या. आसनाचा दगड पुढून आत कोरलेला आहे. टाचा आत जातात आणि मागचा माणूस पुढच्याच्या पाठीला न लागता बसू शकतो. पहिल्या ओळीला पाठ टेकायची सोय आहे, ती मानकऱ्यांची.

आता आवाज. नाणे पडलेले शेवटच्या ओळीत स्वच्छ ऐकू येते, हे गाइडचे आवडते वाक्य. आइंडहोव्हनच्या संशोधकांनी इथे हजारो मोजमापे घेतली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. नाणे पडल्याचा किंवा कागद फाटल्याचा आवाज सगळीकडे जाणवतो, पण तो कशाचा हे साधारण निम्म्या अंतरापर्यंतच ओळखता येते, आणि कुजबुज पुढच्या काही ओळींपलीकडे समजत नाही, असे त्यांना आढळले. मोठ्याने, स्पष्ट बोललेले मात्र वरपर्यंत कळते. एक गोष्ट यात धरायला हवी: नटांच्या मागे असणारी रंगमंचाची इमारत आज नाही, म्हणून प्राचीन प्रेक्षकाला जे ऐकू येई ते आपल्याला नेमके ऐकू येणे शक्य नाही. याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवले होते, की चुनखडीच्या दगडाच्या खाचेदार ओळी हलके, खर्जातले आवाज, म्हणजे गर्दीची कुजबुज आणि वाऱ्याची घरघर, दाबतात आणि माणसाच्या आवाजातल्या वरच्या पट्ट्या पुढे सोडतात. मला नाण्याच्या चमत्कारापेक्षा हे जास्त मोलाचे वाटते.

तुमचा प्रयोग असा करा. दोघे असाल तर एकाने वर्तुळाच्या मधोमध असलेल्या दगडावर उभे राहून साध्या आवाजात, ओरडून नव्हे, काहीतरी बोलायचे. दुसऱ्याने दहाव्या, चौतिसाव्या आणि शेवटच्या ओळीत जाऊन ऐकायचे. मग बोलणाऱ्याने चार पावले बाजूला सरकून तेच म्हणायचे. मधल्या दगडावर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत आल्यासारखा वाटतो, बाजूला झाले की तो भास जातो. हे सकाळी लवकर करा. नंतर गर्दी होते, आणि उन्हाळ्यात पाइनवरचे सिकाडा असे किरकिरतात की दगडांनी कितीही गाळले तरी पुरे पडत नाही. एखादे पद मोठ्याने गाण्याची हौस असली तरी आवरा. पहारेकरी शिट्टी वाजवतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

नाटक बघता आले तर मात्र काही सोडू नका. १८८१ पासून पानागिस काव्वाडियास या पुरातत्त्वज्ञाने हे क्षेत्र खणायला घेतले. शतकानुशतके मातीखाली राहिल्याने आसने शाबूत निघाली. १९३८ मध्ये दिमित्रिस रोन्टिरिस यांनी सोफोक्लीसची 'इलेक्ट्रा' इथे केली, आणि १९५५ पासून उत्सव नियमित सुरू झाला. मारिया कॅलास १९६० आणि १९६१ मध्ये इथे गायली. आज जून अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, मुख्यतः शुक्रवारी आणि शनिवारी, रात्री नऊच्या सुमारास प्रयोग असतात, ग्रीकमध्ये. इंग्रजी उपशीर्षके पडद्यावर येतात, पण ती वाचत बसलात तर नाटक निसटेल. आधी कथा वाचून जा. इडिपस असेल तर पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेले 'राजा ओयदिपौस' वाचा. एवढी सोपी सोय दुसरी नाही.

प्रयोगाच्या रात्रीचे नियम कडक आहेत. टाचांची पादत्राणे चालत नाहीत, कारण दगड झिजतो. प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. लहान मुलांसाठी वयाची अट आधी वाचून घ्या. वरच्या भागात तिकीट स्वस्त असते आणि तिथून सगळा आकार दिसतो. चेहरे बघायचे असतील तर खाली बसा. दिवसभर तापलेला दगड बराच वेळ गरम राहतो, म्हणून बसायला काहीतरी हवेच. अंगावर घ्यायला मात्र पातळसे जाकीट ठेवा, मध्यरात्री डोंगरातला वारा लागतो. फोनचा टॉर्च जिना उतरताना लागेल, त्यात चार्जिंग शिल्लक ठेवा. प्रयोगाच्या दिवशी अथेन्स आणि नाफ्प्लिओहून खास बसगाड्या असतात, त्यांची तिकिटे नाटकाच्या तिकिटासोबतच काढून टाका. स्वतःच्या गाडीने आलात तर गाडीचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. हजारो माणसे एकदम निघतात.

भूक लागली असेल तर लिगुरिओत थांबा, प्रयोगाच्या रात्री तिथल्या खानावळी उशिरापर्यंत चालतात आणि काही ठिकाणी भिंतीवर इथे काम केलेल्या नटांचे फोटो लावलेले असतात. शाकाहारी असाल तर 'निस्तिसिमो' हा एक शब्द पाठ करून ठेवा: उपवासाच्या दिवसांतले, म्हणजे मांस, अंडी आणि दूध नसलेले. समुद्री प्राणी मात्र त्यात चालतात, तेवढे विचारून घ्या. भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची ओव्हनमध्ये भाजलेली उसळ आणि भाज्यांचे ब्रियाम मागवा. वाटाण्यासारख्या पिवळ्या डाळीचे दाटसर 'फावा' मिळाले तर ते आपल्याला घरचेच वाटते, वर कांदा आणि लिंबू मागून घ्यायचा.